आडपडदा

इराणमधल्या यज्द शहराचा जुना भाग सगळा मातीचा. भिंती मातीच्या, बोळ मातीचे, छपरांवर उभे असलेले वाऱ्याचे मनोरेही मातीचे. दारं तेवढी लाकडाची. ज्या घरी मला चहाला बोलावलं होतं त्याच्या दाराला दोन झडपा होत्या आणि दोन्हींवर वेगवेगळं लोखंड लटकत होतं. एकीवर जाडजूड दांडा, दुसरीवर बारीकशी कडी. मला वाटलं, एक मोडलं असेल आणि मग हाताला सापडलं ते बसवलं असेल, आपल्याकडे बसवतात तसं. दांडा हाताला बरा लागला. तीनदा आपटला.

आत एकदम पळापळ. कुणी कुणाला तरी हाक मारली, चपला फटफटल्या, मग बराच वेळ चिडीचूप. शेवटी दार चार बोटं उघडलं. फटीत एक डोळा आणि दातांत धरलेली फुलाफुलांची चादर. मला बघितल्याबरोबर ती बाई जी हसत सुटली! मागे वळून काहीतरी ओरडली, तसं आतूनही हसू फुटलं. मग तिने माझं मनगट धरून मला पुन्हा बाहेर उभं केलं आणि खेळ करून दाखवला. दांडा आपटला की धप्प असा जड आवाज: पुरुष आलाय. कडी वाजवली की किणकिण: बाई आलीय. मी पुरुषाचा आवाज केला होता. घरात बाप्या माणूस कुणी नव्हता, त्यामुळे आत सगळ्यांनी डोकी झाकून घेतली होती आणि दार उघडायला कुणी जायचं यावर खल चालला होता.

गळ्यात कॅमेरा होता. कॅमेऱ्याचा आवाज कायम त्या दांड्याचाच असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दारातून आत गेले तरी अंगण दिसेना. आधी एक आठकोनी खोली, वर लहानसा घुमट, कडेने बसायला कट्टे. तिला हश्ती म्हणतात. हश्त म्हणजे आठ, आपल्या अष्टाचा सख्खा भाऊ. तिथून एक बोळ आडवा जातो, वळतो, आणि मग अचानक पाण्याचा हौद, डाळिंबाचं झाड आणि चारी बाजूंनी घर. रस्त्यावरून जाणाऱ्याने दार सताड उघडं पाहिलं तरी त्याला हश्तीची भिंतच दिसणार. घर बांधणाऱ्याने नजरेची वाट जाणूनबुजून मोडलेली. यात मला परकं काही वाटलं नाही. आमच्या कोकणातल्या घरी ओटीवर आलेल्या माणसाने माजघराचा उंबरठा ओलांडायचा नसतो, हे कुठे पाटीवर लिहिलेलं नसायचं.

त्या दुपारी आत पाच बायका होत्या. चहा झाला, खडीसाखर झाली, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम झाला. मग त्यांनीच कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. चादरी उतरल्या, केस मोकळे झाले, एकीने लिपस्टिक आणली आणि तास-दीड तास आम्ही नुसता धुमाकूळ घातला. निघताना सर्वांत म्हाताऱ्या बाईने भिंगावर तळहात ठेवला, मग तोच हात माझ्या छातीवर. भाषा कळत नसली तरी एवढं कळलं. त्यातला एक फोटो मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये सर्वांत चांगला आहे. तो कुणी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. इथे त्याचं वर्णनही करत नाही.

यज्दहून मी इस्फहानला गेले. तिथलं नक्श-ए-जहान मैदान पाचशे साठ मीटर लांब आणि एकशे साठ मीटर रुंद. पहिल्या शाह अब्बासने सोळावं शतक संपता संपता त्याची आखणी करवली. दक्षिणेला शाही मशीद, तिचे मनोरे, तिचा निळा डामडौल. सगळे कॅमेरे तिकडे. मी मात्र पूर्वेच्या बाजूला अडकले. तिथे शेख लुत्फुल्ला मशीद आहे, 1603 साली सुरू झालेली आणि 1619 ला पुरी झालेली. तिला मनोरा नाही, अंगण नाही. घुमटही निळा नाही. पिवळट, सायीच्या रंगाचा, सकाळी वेगळा आणि उन्हं कलताना गुलाबीकडे झुकणारा.

गंमत अशी की हे मैदान एका दिशेला आखलेलं आणि मक्का दुसऱ्या दिशेला. मशिदीचं दार मैदानाकडे तोंड करून हवं आणि नमाज मक्केकडे तोंड करून. या दोघांत पंचेचाळीस अंशांचा तिढा. मग मिस्त्रीने काय केलं? दारातून शिरल्यावर सरळ वाट ठेवलीच नाही. एक अंधारा बोळ डावीकडे जातो, भिंतीला धरून वळतो, पुन्हा उजवीकडे. दोन वळणांत माणसाला शहर विसरायला होतं, डोळे अंधाराला सरावतात, आणि मग उजेडाचा तो घुमट डोक्यावर येतो. वळताना आपण मक्केकडे कधी फिरलो तेही कळत नाही. बाहेरून पाहिलं तर मात्र घुमट दाराच्या मधोमध नाही, बाजूला सरकलेला दिसतो. समोरून, बरोब्बर मध्यभागी उभं राहून काढायच्या फोटोची तिथे पंचाईत होते. पहिल्या दिवशी मला त्याचा रागच आला होता.

आत घुमटाच्या मध्यावर एक मोर चितारलेला आहे, आणि वरच्या जाळीतून येणाऱ्या उन्हाची तिरीप त्याच्या पिसाऱ्यासारखी पसरते. ती बघायला दाराशी एका ठरावीक जागी उभं राहावं लागतं. मी नीट मध्यावरून घुमट घ्यायचा म्हणून फरशीवर ओढणीची घडी ठेवली, तिच्यावर कॅमेरा उताणा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि बाजूला झाले. तीनदा जमलं नाही. चौथ्या वेळी कॅमेरा वर बघत असताना एक चार-पाच वर्षांची पोर धावत आली, कॅमेऱ्यात वाकून बघायला लागली आणि तेवढ्यात खट्ट. घुमटाच्या जागी एक प्रचंड नाक आणि त्याच्या कडेने सोनेरी नक्षीची झालर. शाह अब्बासच्या कारागिरांची क्षमा मागून सांगते, तो घुमटाचा माझा सगळ्यात आवडता फोटो आहे. पोरीच्या आईला दाखवला, तिने तो फोनवर मागून घेतला, म्हणून सांगायला हरकत नाही.

कैरोच्या मुइझ रस्त्यावरच्या अल-अक्मर मशिदीत हाच तिढा दुसऱ्या रीतीने सोडवलाय, आणि पाचशे वर्षं आधी, 1125 मध्ये. दर्शनी भिंत रस्त्याच्या रेषेत, आतली मशीद मक्केच्या रेषेत, आणि दोन्हींच्या मधे पाचरीसारखी जाड होत जाणारी भिंत. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. शेजाऱ्याच्या बांधाला धक्का न लावता आपलं देवघर पूर्वेला काढणाऱ्या गवंड्याला हे लगेच समजेल.

कैरोचाच आणखी एक किस्सा, माझ्या फजितीचा. इमारतींचे फोटो काढणाऱ्यांची एक जुनी खोड असते: माणूस मापाला वापरायचा. कमान कितीही उंच असली तरी रिकाम्या फोटोत तिची उंची कळत नाही. खाली एक लहानशी काळी आकृती चालत गेली की कळते. त्यात मुसलमान वस्ती असेल तर बुरख्यातली बाई मिळाली म्हणजे दुधात साखर. काळा डाग सुबक पडतो, चेहरा नसल्याने लक्ष विचलित होत नाही. असे फोटो मी पुष्कळ काढलेत. एका स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं, आणि परीक्षक म्हणाले होते, ‘गूढ उतरलंय.’ तेव्हा मला अभिमान वाटला होता. गूढ कसलं? ती बाई भाजी घेऊन घरी चालली होती.

तर, इब्न तुलूनची मशीद. 879 साली पुरी झालेली, भाजक्या विटांची, भलंमोठं मोकळं अंगण आणि चारी बाजूंना टोकदार कमानींच्या ओळी. मी एका कमानीसमोर दबा धरून बसले होते. ऊन हवं तसं आलं होतं, फक्त आकृती नव्हती. अर्धा तास गेला. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. काळा झगा, काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात भाजलेल्या बियांची पुडी. ती माझ्याकडे बघेना. मी जिकडे बघत होते तिकडेच बघत राहिली. बराच वेळ. मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, “तिथे काय आहे?” मी म्हटलं, “कमान.” “ती तर हजार वर्षं तिथेच आहे. वाट कशाची बघतेस?”

तुझीच, असं कसं सांगणार? पण माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असावं. तिने पुडी माझ्या मांडीवर ठेवली, कॅमेरा मागून घेतला आणि मला हाताने खुणावलं, जा, कमानीत उभी राहा. मी उभी राहिले. आता चाल, असं खुणावलं. मी चालले. तो फोटो माझ्याकडे आहे. कमान अर्धीच आलीय, क्षितिज वाकडं, आणि खाली कोपऱ्यात सलवार-कमीजमधली एक बुटकी, अवघडलेली बाई, मापाला वापरलेली. शाळा सुटेपर्यंत ती मुलाची वाट बघत तिथे सावलीत बसायची, रोज. आम्ही त्या पुडीतल्या सगळ्या बिया संपवल्या.

त्या दिवसापासून मापाला माणूस घेणं सोडलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. सोडलं नाही. पण घेतलं की ती पुडी आठवते.

त्याच शहरात बैत अल-सुहैमी नावाचा जुना वाडा आहे, 1648 चा. त्याच्या मश्रबिया प्रसिद्ध आहेत. मश्रबिया म्हणजे भिंतीबाहेर आलेला लाकडी जाळीचा सज्जा. चरकावर कातलेले लाकडाचे हजारो मणी-दांड्या एकमेकांत अडकवून केलेली जाळी. नावाचं मूळ पिण्याशी जोडतात, कारण पाण्याचे माठ गार व्हायला वाऱ्याच्या त्या जागी ठेवायचे. बाहेरून मी या जाळ्यांचे कितीतरी फोटो काढले होते, नक्षी म्हणून, रांगोळी काढावी तसे. सुहैमीत पहिल्यांदा आत, जाळीच्या मागच्या बैठकीवर बसले. आणि चाटच पडले. बाहेरून बंद दिसणाऱ्या त्या जाळीतून आतून सगळं लख्ख दिसतं. अंगण, दार, येणारा, जाणारा, तो कुणाशी बोलतो, किती वेळ बोलतो. कोंडलेल्या बाईची खिडकी म्हणून मी जिचे फोटो काढत आले होते, ती खरं तर बघणाऱ्या बाईची जागा होती. अर्थात कोंडलेपणही खरंच. रस्त्यावर उतरायची मुभा असती तर जाळीमागे बसावं का लागलं असतं? दोन्ही खरं. फोटोत मात्र एका वेळी एकच बाजू येते. आत उजेड मोजला तर बाहेर पांढरंफटक, बाहेर मोजला तर आत काळोख.

जाळीचा असाच एक नमुना आपल्या दाराशी आहे, विजापूरला. इब्राहिम रोजा नावाच्या मकबऱ्याच्या खिडक्यांवर दगडात कोरलेली अरबी अक्षरं आहेत, आणि अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. दगडाचं अक्षर काळं, मागचं आभाळ पांढरं, जशी कागदावरची शाईच. हा रोजा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. त्याला जगद्गुरू म्हणत आणि त्याच्या कचेरीतले वसुलीचे कागद मराठीत लिहिले जात. सोलापुराहून दोन-अडीच तासांची वाट. आपली माणसं गोल घुमटात जाऊन ओरडून येतात आणि इकडे फिरकत नाहीत.

जगभर भटकताना एक प्रश्न मला सारखा विचारला गेला. इस्तंबूलच्या नावाड्याने विचारला, समरकंदच्या नानवाल्याने विचारला: “हा फोटो कुठे जाणार?” कशाला काढतेस, असं फारसं कुणी विचारत नाही. कुठे जाणार, हे विचारतात.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. मक्का-मदिनेचे पहिले फोटो मुहम्मद सादिक बे या इजिप्तच्या लष्करी इंजिनिअरने काढले, 1861 मध्ये मदिनेचे आणि 1880 मध्ये मक्केचे. त्याच्यानंतरची गोष्ट मला जास्त लागते. 1885 साली स्नूक हुरख्रोन्ये नावाचा डच पंडित मक्केत जाऊन राहिला. तिथे त्याची एका डॉक्टरशी गाठ पडली, सय्यद अब्द अल-गफ्फार. हा डॉक्टर फोटो काढायला शिकला आणि स्नूकला मक्का सोडावी लागल्यावर फोटो काढून त्याला पाठवत राहिला. यात्रेकरू, शहरातले प्रतिष्ठित लोक, काबाभोवतीची गर्दी. फोटोवर तो सुबक अरबी अक्षरांत सही करायचा: मक्केचा डॉक्टर सय्यद अब्द अल-गफ्फार याने काढलेला फोटो. 1889 मध्ये स्नूकने लायडनला चित्रसंग्रह छापला तेव्हा सह्या पुसल्या गेल्या होत्या. पुढे अभ्यासकांनी त्या हुडकून काढल्या. आपल्या गावाचा, आपल्या माणसांचा, आपल्या हातांनी काढलेला फोटो, आणि त्यावरून आपलंच नाव खरवडलेलं. कुठे जाणार याचं उत्तर त्या डॉक्टरला कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

आणि मालीतलं जेन्ने. तिथे मी गेलेले नाही. जगातली सर्वांत मोठी मातीची इमारत म्हणून तिथली मशीद ओळखली जाते. आत्ताची वास्तू 1907 ची, पण दर वर्षी सगळं गाव मिळून तिला चिखलाचा नवा हात देतं, त्यामुळे ती किती जुनी हा प्रश्नच थोडा गैरलागू. भिंतींतून ताडाच्या काठ्यांचे जुडगे बाहेर आलेले असतात. दिसायला सजावट, पण चिखल लावणारी पोरं त्यांच्यावरच चढतात. या मशिदीत परधर्मीयांना प्रवेश बंद आहे. 1996 साली एका परदेशी फॅशन मासिकाने तिथे जे फोटो काढले, त्यानंतर दार लागलं ते लागलंच. मला त्या बंद दाराबद्दल तक्रार करता येत नाही. कुणीतरी दांडा फारच जोरात आपटला होता.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ टाळली.

आमचं घर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून गावात आम्ही ‘बाईंचे’. परसदारी बांधापलीकडे मोहल्ला सुरू व्हायचा, आणि पहिलंच घर चाचींचं. ईदला शेवया तिकडून, दिवाळीला करंज्या इकडून, आणि वर्षभर नारळाच्या वाट्यावरून किरकोळ भांडणं. 1984 मध्ये चाचा-चाचींचं हजला जायचं ठरलं. तेव्हा मुंबईहून बोटीने जात. बोटी 1995 नंतर बंद झाल्या. अर्जाला फोटो हवा. चाचींनी जन्मात फोटो काढलेला नव्हता. बाजारातल्या स्टुडिओत परक्या पुरुषासमोर दिव्याखाली बसायला त्या तयार नव्हत्या. माझ्याकडे मामाचा आग्फा क्लिक थ्री होता, मी एकोणीस वर्षांची होते.

मागल्या पडवीत पांढरं धोतर ताणून बांधलं. चाचींनी पदर कपाळापर्यंत ओढला, मग मी सांगितल्यावर कानापर्यंत मागे घेतला. डोळे मिटायच्या. मी म्हणायची, उघडा. त्या उघडायच्या आणि खट्ट व्हायच्या आत मिटायच्या. बारा फोटोंच्या रोलमधले सात गेले तेव्हा एक मनासारखा आला. रोल काढताना त्यांनी विचारलं, “धुणार कोण गो?”

मी म्हटलं, स्टुडिओवाले काका.

“म्हणजे तो बघणारच.”

“म्हातारे आहेत, चाची. चष्मा आहे जाड.”

त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “अर्जापुरताच हो. बाकीचे मना आणून दे, मोजून.”

सहा प्रती काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाकीट दिलं तेव्हा चाचींनी ओटीवर बसून, बोटाला थुंकी लावून, नोटा मोजाव्यात तसे मोजले. पाच. पुन्हा मोजले. “सहाचे पैसे घेतलेन ना त्याने? पाच कसे?” मी सांगितलं, एक खराब आला, त्यांनी फाडला. चाचींनी माझ्याकडे बघितलं. मग पाकीट कमरेला खोचलं आणि आत गेल्या.

सहावा माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होता. का ठेवला? मी काढलेला पहिला चेहरा होता, आणि चांगला आला होता. याहून मोठं कारण नाही. पुस्तकातून तो डब्यात गेला, डब्यातून पुण्याला, आणि मी देशोदेशी ‘विचारल्याशिवाय काढत नाही’ असं सांगत फिरले तेव्हाही तो कपाटात होताच. चाची पंधरा वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हाही मी काही बोलले नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेले तर त्यांची नात कुवेतहून आलेली. 2021 च्या पुरात त्यांच्या घरात छातीभर पाणी होतं. कागद, कपडे, पेट्या, सगळं गेलं. आता नवं घर बांधलंय. बोलता बोलता म्हणाली, “दादीचा एकसुद्धा फोटो राहिला नाही, मावशी.” मी तशीच पुण्याला परत आले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. पाकिटातून फोटो काढून तिच्या हातात ठेवला. तिने तो कडांना धरला. कितीतरी वेळ बघत होती.

“हा तुमच्याकडे होता?”

“हो.”

“दादी सांगायची. पाच दिलेनी, सहावा बाईंच्या मुलीने ठेवलाय.”

“मग मागितला का नाही?”

“ते नाही सांगितलं कधी.” मग जरा थांबून तिने विचारलं, “मोबाइलवर काढून घेतलात?”

घेतला नव्हता. तसं सांगितलं.

नव्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर काबाची मोठी तसबीर होती आणि तिच्या शेजारी एक मोकळा खिळा. तिने कपाट उघडलं, ओढण्यांच्या घडीखाली फोटो सरकवला, आणि मला चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते विचारत आत गेली.